गोलशून्य बरोबरीला गुणही शून्यच हवेत

फुटबॉल लीगमध्ये 0-0 सुटलेल्या मॅचचा एकही गुण कुणाला मिळू नये, असं माझं ठाम मत आहे. 1-1, 2-2 झाली तर प्रत्येकी एक गुण जरूर द्या. जिंकणाऱ्याला तीन आहेतच. पण पूर्ण वेळ खेळून दोघांनाही एक गोल करता आला नाही, तर दोघांच्या खात्यात शून्य. परवा मिरजेत मैदानावर हे बोललो तर निम्मी मंडळी अंगावर आली. म्हणून सविस्तर लिहितोय.

विजयाला तीन गुण हे काही पहिल्यापासून नव्हतं. इंग्लंडमध्ये 1981 पर्यंत विजयाला दोन आणि ड्रॉला एक गुण होता. जिमी हिल या जुन्या खेळाडूने आणि कोचने तीन गुणांचा आग्रह धरला आणि 1981-82 च्या हंगामापासून तो लागू झाला. वर्ल्डकपमध्ये यायला 1994 उजाडलं. हिशोब सरळ आहे. एका संघाने दहाच्या दहा मॅच ड्रॉ केल्या आणि दुसऱ्याने पाच जिंकून पाच हरल्या, तर जुन्या पद्धतीत दोघांचे दहा-दहा गुण. नव्या पद्धतीत पहिल्याचे दहा, दुसऱ्याचे पंधरा. म्हणजे धोका पत्करणाऱ्याला फायदा.

हे झालं कागदावर. मैदानावर काय होतं? पंच्याहत्तराव्या मिनिटाला तुम्ही 1-0 ने पुढे आहात. पूर्वी गोल खाल्ला असता तर एक गुण जायचा, आता दोन जातात. मग कोच काय करणार? फॉरवर्ड बाहेर काढणार, डिफेन्डर आत घालणार. गोलकिक घ्यायला अर्धा मिनिट, बॉल आला की प्रेक्षकांत भिरकावायचा, समोरचा पळायला लागला की पाय घालायचा. स्पेनमध्ये गॅरिकानो आणि पलासियोस-ह्युएर्ता या दोन अर्थतज्ज्ञांनी तिथल्या लीगच्या मॅचेस तपासल्या, तेव्हा हेच दिसलं. तीन गुण आल्यावर संघ जास्त फॉरवर्ड घेऊन उतरू लागले, पण आघाडी मिळाली की बचाव घट्ट आणि फाऊल जास्त. गोल काही वाढले नाहीत.

तीन गुणांनी विजयाची किंमत वाढवली, पण गोल न करण्याला दंड लावला नाही, हे माझं खरं दुखणं आहे. 0-0 चालू असताना दोन्ही संघांच्या हातात एक-एक गुण आयता असतो आणि तो जाईल या भीतीने कुणी पुढे सरकत नाही. तो गुणच काढून घ्या. मग 0-0 असताना पुढे जाऊन गोल खाल्ला तरी शून्य आणि मागे बसून राहिलात तरी शून्य. हल्ला करण्यात गमावण्यासारखं काही उरतच नाही. शेवटची वीस मिनिटं, जी आज सगळ्यात कंटाळवाणी असतात, तीच सगळ्यात जोरदार होतील.

आपल्या भागातल्या लोकांना हे पटायला जड जाऊ नये. सांगली जिल्ह्यात कबड्डी कुणाला सांगायची गरज नाही. रेषेला पाय लावून परत येणाऱ्या रिकाम्या चढायांना सगळे वैतागले होते. प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’ झाली. गुण आण, नाहीतर बाहेर बस. चढाई करणाऱ्याला आळशी म्हणून हिणवलं नाही, भाषण दिलं नाही, फक्त रिकामं परतण्याची सोय बंद केली. खेळ आपोआप बदलला.

आपल्याकडच्या बहुतेक फुटबॉल स्पर्धा नॉकआऊट, म्हणजे हरला की बाहेर, अशा असतात आणि पोरांना लहानपणापासून तिथेच बरोबरी राखत बसायची सवय लागते. ‘टायब्रेकरवर (म्हणजे पेनल्टी किकवर) नेऊ’ हे वाक्य तेरा वर्षांच्या मुलांच्या तोंडी ऐकून मला मनापासून वाईट वाटतं. त्या वयात ड्रिबल करायचं, चुकायचं, परत करायचं. त्याऐवजी अकराच्या अकरा जण आपल्या डीसमोर (गोलपुढच्या चौकटीसमोर) उभे. मुलांची चूक नाही, नियमाने त्यांना तेच शिकवलंय.

काही जण म्हणतात, जास्त गोलांना बोनस द्या. फ्रान्सच्या लीगमध्ये 1973 ते 1976 मध्ये तसा जादा गुण होता. रग्बीत चार ट्राय (बॉल समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवणं) केले की बोनस मिळतो. मला फुटबॉलमध्ये हे नको. जिल्हा पातळीवर संघांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बोनस ठेवलात की दोन-तीन मोठे संघ नवख्या पोरांना आठ-नऊ गोल घालून गुण लुटतील आणि ती पोरं पुढच्या वर्षी येणारच नाहीत. शिवाय फार हुशार नियम अंगलट येतात. 1994 च्या कॅरिबियन कपच्या पात्रता फेरीत जादा वेळेतला गोल्डन गोल, म्हणजे जो झाला की मॅच तिथेच संपते तो गोल, दोन गोल धरला जायचा. बार्बाडोसला ग्रेनेडाविरुद्ध दोन गोलांच्या फरकाने जिंकायचं होतं. 2-1 असताना त्यांनी मुद्दाम स्वतःच्याच जाळ्यात गोल मारला, मॅच जादा वेळेत नेली आणि गोल्डन गोल करून पुढे गेले! नियम साधाच हवा.

आता आक्षेप. दोन्ही संघ ठरवून 1-1 करतील, असं म्हणतात. ठरवणारे आजही ठरवतात. 1982 च्या वर्ल्डकपमध्ये स्पेनमधल्या गिहोनला पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाला सुरुवातीलाच एक गोल मारला आणि उरलेला वेळ दोघांनी बॉल इकडून तिकडे फिरवला, कारण 1-0 मध्ये दोघंही पुढे जात होते आणि अल्जीरिया बाहेर. त्यावर उपाय म्हणून गटातल्या शेवटच्या मॅचेस एकाच वेळी ठेवायला लागले. आपणही ठेवू शकतो.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो. कमजोर संघ, एकटा गोलकीपर वाघासारखा लढतोय, बलाढ्य संघाला 0-0 रोखलं, आणि हातात काहीच नाही? हा अन्याय आहे, मी नाकारत नाही. पण त्या संघाने एक काउंटर (बॉल हिसकावून झटपट उलटा हल्ला) मारून गोल केला, तर मॅच 1-1 सुटली तरी गुण त्याचाच आहे. आणि ती एक धाव मारण्याची हिंमत त्याला आज कुणी करू देत नाही.

गुण किती द्यायचे हे खेळाच्या सतरा नियमांत नाही, ते त्या-त्या स्पर्धेच्या नियमावलीत असतं. म्हणजे स्थानिक स्पर्धेत, निदान मुलांच्या लीगमध्ये, आयोजकांनी ठरवलं तर हे करता येतं. चौदा वर्षांखालच्या मुलांची छोटी लीग घ्या, सहा संघ पुरेत. गुण सारखे झाले तर आधी एकूण केलेले गोल बघा, गोलफरक नंतर. सांगली-मिरजेतल्या कुणा आयोजकाची तयारी असेल तर खाली लिहा. गुणतक्ता ठेवायला आणि लाइनवर उभं राहायला मी येतो.