त्या काळाचं माप त्यांच्याच कागदांत आहे

नमस्कार. जेफर्सनवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला पटलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफर्सनला मी आजच्या गजाने मोजलं, त्याचा विचार बाजूला ठेवून हिशेबाच्या वह्या उकरत बसलो, मृत्युपत्राने मोकळ्या केलेल्या पाच गुलामांचा उल्लेख टाळला. शिवाय आपल्याकडे मोडीची दफ्तरं धूळ खात पडली असताना मला व्हर्जिनिया कशाला हवं?

पाच जणांचं आधी. चूक माझी आहे. हयातीत त्याने रीतसर मुक्त केलेले दोघं, रॉबर्ट हेमिंग्ज १७९४ मध्ये आणि जेम्स हेमिंग्ज १७९६ मध्ये, एवढंच लिहून मी थांबलो होतो. मृत्युपत्रातले पाच धरून आकडा सात होतो. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. जन्मभरात त्याच्या मालकीची माणसं सहाशेहून जास्त होती, हा आकडा मात्र तसाच राहतो.

पण त्या पाचांमधल्या एकाचं पुढे काय झालं, तेही बघा. जो फॉसेट हा मॉन्टिसेलोचा, म्हणजे जेफर्सनच्या व्हर्जिनियातल्या मळ्याचा, लोहार. जेफर्सन १८२६ च्या ४ जुलैला वारला, आणि मृत्युपत्राप्रमाणे जो वर्षभरानंतर मोकळा व्हायचा होता. जेफर्सनच्या डोक्यावर लाखाहून जास्त डॉलरचं कर्ज होतं, म्हणून १८२७ च्या जानेवारीत १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. त्यात जोची बायको एडिथ होती, मुलं होती. राष्ट्राध्यक्षांच्या निवासात फ्रेंच पद्धतीचा स्वयंपाक शिकलेली, मॉन्टिसेलोचं स्वयंपाकघर सांभाळणारी ही बाई. तिचा मुलगा पीटर तेव्हा अकरा वर्षांचा होता. बाप मोकळा व्हायला सहा महिने उरले होते आणि मुलं वेगवेगळ्या खरेदीदारांच्या हाती गेली. मुक्ततेचं कलम वाचलं की लिलावही वाचावा लागतो. मला तरी एकावर थांबता येत नाही.

मोडीबद्दलची तुमची तळमळ माझीही आहे, त्यावर वेगळं लिहीन. पण गुलामगिरीचा अमेरिकेतला इतिहास मराठी वाचकाला परका आहे असं मला वाटत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच. हे १८७३ साल लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

आता गजाचा मुद्दा. तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच, आणि माझं उत्तरही इथेच सगळ्यात ठाम आहे. मी आजचा गज वापरलेलाच नाही. १८१४ च्या जुलैमध्ये एडवर्ड कोल्स नावाच्या सत्ताविशीतल्या तरुणाने जेफर्सनला पत्र लिहिलं. कोल्स त्याच्याच जिल्ह्यातला, मळेवाल्याच्या घरातला, राष्ट्राध्यक्ष मॅडिसनचा खासगी सचिव. त्याची विनंती साधी होती: तुमच्या शब्दाला वजन आहे, व्हर्जिनियातली गुलामगिरी हळूहळू संपवण्याच्या कामात पुढे व्हा. महिनाभराने, २५ ऑगस्टला, जेफर्सनने उत्तर दिलं. गुलामगिरी अन्यायाची आहे हे मान्य केलं, पण हे काम तरुणांचं, म्हाताऱ्याकडे द्यायला फक्त प्रार्थना आहेत, असं कळवलं. वर कोल्सलाच सल्ला दिला की आपली माणसं टाकून प्रांत सोडून जाऊ नकोस.

कोल्सने ते ऐकलं नाही. १८१९ मध्ये आपल्या गुलामांना घेऊन तो इलिनॉयकडे निघाला, ओहायो नदीवर होडीतच त्यांना सांगितलं की तुम्ही मोकळे आहात, आणि पुढे कुटुंबामागे १६० एकर जमीन दिली. नंतर तो त्या राज्याचा गव्हर्नर झाला.

ही दोन्ही पत्रं राहिली आहेत. जेफर्सन आपल्या पत्रांच्या नकला काटेकोरपणे ठेवायचा; १८०४ पासून त्याच्याकडे दोन लेखण्या जोडलेलं यंत्र होतं, एक लेखणी फिरली की दुसरी आपोआप नक्कल काढायची. म्हणजे त्या काळाचं माप काय होतं हे मला बाहेरून आणावं लागलं नाही.

राहिल्या हिशेबाच्या वह्या. जाहीरनामा मंजूर झाला त्या ४ जुलै १७७६ च्या पानावर त्याने पावणेचार पौंडांचा थर्मामीटर, बायकी हातमोज्यांच्या सात जोड्या आणि थोडा दानधर्म, एवढं नोंदवलंय. हात तोच, शाईही तीच. या वह्यांना मी किरकोळ मानत नाही, कारण ज्यांनी स्वतः फारसं लिहिलं नाही, त्यांची नावं बहुतेक इथेच सापडतात. ‘फार्म बुक’मध्ये, म्हणजे मळ्याच्या नोंदवहीत, कुणाला कांबळं मिळालं, कुणाच्या पदरी कुठलं मूल आलं याच्या याद्या आहेत. दहा ते सोळा वर्षांच्या मुलांनी खिळे करायचे आणि मुलींनी सूत कातायचं, असा नियमही आहे. या सगळ्या कागदांत जेम्स हेमिंग्जच्या स्वतःच्या अक्षरातलं एक पान आहे, सुटका झाल्यावर काही दिवसांनी लिहिलेलं. स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी. तांब्याची १९ पातेली, त्यांची १९ झाकणं. पॅरिसमध्ये शिकलेला तो आचारी जाण्यापूर्वी भांडी मोजून ताब्यात देतोय.

आणि हॅरिएट. जेफर्सनच्या मालकीची गुलाम सॅली हेमिंग्ज हिची ही मुलगी, जन्म मे १८०१. फार्म बुकात तिच्या नावापुढे १८२२ साल आणि पळून गेल्याची खूण आहे. पण मळ्यावरचा मुकादम एडमंड बेकन याने नंतर सांगितलं की जेफर्सनच्याच सांगण्यावरून त्याने हॅरिएटला फिलाडेल्फियापर्यंतचं गाडीभाडं आणि ५० डॉलर दिले होते. आणि १८७३ मध्ये, फुल्यांचं पुस्तक आलं त्याच वर्षी, तिचा भाऊ मॅडिसन याने ओहायोतल्या एका वर्तमानपत्राला सांगितलं की आमचा बाप जेफर्सनच; आणि मुलं एकवीस वर्षांची झाली की मोकळी करायची, असं वचन आईने पॅरिसमध्येच त्याच्याकडून घेतलं होतं. हॅरिएट गेली तेव्हा एकवीसच्या आसपासच होती.

भाडं देऊन पाठवलेल्या मुलीपुढे ‘पळाली’ अशी नोंद ज्या हाताने केली, तोच हात जाहीरनाम्यावरही आहे. फार्म बुकाचं ते पान पुढच्या लेखात देतोय. ते बघून तुमचं मत काय होतं, जरूर लिहा.