बाणेरच्या ऑफिसबद्दलच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमच्या ऑफिसातल्या दिव्यांच्या आणि एसीच्या आमच्या कामाबद्दलचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या तक्रारी अशा: मीटिंग चालू असताना सेन्सरवरचे दिवे आपोआप बंद होतात आणि हात हलवत बसावं लागतं, जुन्या दोन एसींत आम्ही गॅस भरून दिला नाही, वर गॅस काढून घेण्याचे पैसे लावले, थोडक्यात, ‘ग्रीन’च्या नावाखाली लूट.

दिव्यांचं तुमचं म्हणणं खरं आहे. मीटिंग रूमचा सेन्सर बसवला तेव्हा मधे काचेचं पार्टिशन नव्हतं. हा सेन्सर अंगाची उष्णता हलली की ती टिपतो, आणि काच आपल्याला आरपार दिसली तरी त्याच्यासाठी ती भिंतच. पार्टिशन लागल्यावर आम्ही येऊन पाहायला हवं होतं, पाहिलं नाही. त्यात आमच्या कामावरच्या मुलाने टाइम डिले, म्हणजे हालचाल थांबल्यावर किती वेळाने दिवे बंद व्हायचे ती वेळ, पाचच मिनिटांवर ठेवला. लॅपटॉपमध्ये मान घालून बसलेला माणूस पाच मिनिटांत हलतो तरी किती! खिडकीजवळचे दिवे दुपारी मंद होतात, ते मात्र मुद्दाम आहे. बाहेरचा उजेड पुरतो तेवढी वीज वाचते.

गॅसच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. तुमच्या दोन्ही युनिटच्या कॉइल नायट्रोजन दाबाने भरून केलेल्या टेस्टमध्ये गळक्या निघाल्या, आत होता आर-२२ हा जुना गॅस. हा ओझोनला मारक, शिवाय एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने साधारण १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. १ जानेवारी २०२५ पासून देशात नवे एसी बनवताना तो वापरता येत नाही. दुरुस्तीला अजून मिळतो, त्यामुळे तुमचा दुसरा मेकॅनिक भरून देईलही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भरेल. ‘मग त्यातच नवा गॅस टाका’ असंही तुम्ही म्हणालात. तो नवा गॅस म्हणजे आर-३२. त्याचं प्रेशर आर-२२ च्या दीडपटीहून जास्त, ऑइल वेगळं, शिवाय तो थोडा ज्वलनशील. जुन्या कॉम्प्रेसरमध्ये तो टाकणं धोक्याचं. आणि आर-३२ म्हणजे काही गंगाजल नव्हे, त्याचाही १,८०० च्या जागी येणारा आकडा ६७५ च्या आसपास आहे. म्हणून तर तुमच्या नव्या आर-३२ एसींच्या पाइपिंगच्या प्रेशर टेस्टला आणि व्हॅक्यूमला आम्ही अख्खा दिवस घालवला.

जुना गॅस व्हॉल्व्ह उघडून सोडून दिला असता तर दहा मिनिटांचं काम होतं, बिलही लागलं नसतं. आम्ही मशिन लावून तो सिलिंडरमध्ये भरला. पण ही ओळ कोटेशनमध्ये नव्हती आणि आधी न सांगता पैसे लावणं चूकच. ती रक्कम बिलातून कमी केली आहे, सुधारित बिल आज मेल केलं.

शनिवारी आमची माणसं येतील. काचेच्या आतल्या बाजूला वेगळा सेन्सर बसवतील, अंगाची उष्णता टिपणारा आणि शिवाय कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी बारीक हालचालही ओळखणारा. टाइम डिले वीस मिनिटांवर जाईल. याचे पैसे नाहीत. तासाभराचं काम आहे, फक्त त्या वेळी दोघंतिघं नेहमीच्या खुर्च्यांवर गप्प बसून राहायला हवीत, म्हणजे लगेच तपासता येईल.