पंच्याऐंशी ग्रॅम

मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास सोसायटीच्या फाटकासमोर माझा टोमॅटो हरवला. चोरीला गेला असता तर निदान त्या सीसीटीव्हीचा तरी उपयोग झाला असता. पण तो माझ्या डोळ्यांदेखत ढीगभर टोमॅटोंत मिसळला, आणि चार महिने त्याचं केलेल्या मला तो ओळखता आला नाही. यातली दुसरी गोष्ट जास्त लाजिरवाणी आहे, असं भाजीच्या गाडीभोवती जमलेल्या मंडळींचं मत पडलं.

झालं ते एवढंच. बाल्कनीतल्या झाडावर या मोसमात पिकेपर्यंत टिकलेलं फळ एक. या जातीचं फळ ९० ते १०० ग्रॅम भरतं असं मी वाचलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "पन्नासाच्या वर जात नाई ते." स्वयंपाकघरातल्या काट्याचा सेल दिवाळीत भाजणी मोजताना गेला तो गेलाच. म्हणून टोमॅटो पुसून, ओंजळीत धरून मी खाली मावशींच्या गाडीवर गेले. मावशींनी तो काट्याच्या ताटलीत ठेवला. आकडा आला ८५. पुरावा म्हणून फोटो काढायला मी मोबाइल काढते आहे, तेवढ्यात मागून आवाज आला, "टोमॅटो कसे?" मावशी म्हणाल्या, "वीस," आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांच्या हातानं ताटली ढिगावर पालथी केली. वर दोनतीन टोमॅटो घरंगळले, ते त्यांनी तळव्यानं सारखे केले.

"मावशी, तो माझा होता."

"कोन?"

"टोमॅटो."

"मग घ्या की त्यातलं कुठलंबी."

"कुठलंही नको. माझा पाहिजे."

मावशींनी माझ्याकडे, मग ढिगाकडे, मग परत माझ्याकडे पाहिलं. "ताई, तंबाटी काय आधार कार्ड घेऊन येत्यात व्हय?"

इथे प्रकरण मिटलं असतं. पण ज्यांनी भाव विचारला होता ते बी विंगमधले काका पुढे सरसावले. हे काका कांदाही उजेडात धरून बघतात. पिंपरीकडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये होते, आणि निवृत्त झाल्यापासून नाकारायला काही मिळत नसल्यामुळे भाजीवर आले आहेत. त्यांनी कापडी पिशवी गाडीच्या दांड्याला अडकवली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि म्हणाले, "कुणीही ढिगाला हात लावू नका."

गिऱ्हाइकांनी खरंच हात मागे घेतले.

"ओळखण्याची खूण काय?"

मी विचार केला. चार महिने रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी त्या झाडासमोर उभी राहिले होते. फळ हिरवं, मग पांढुरकं, मग केशरी, मग लाल, प्रत्येक टप्प्याला मी हजर होते. "लाल आहे," मी म्हणाले.

काकांनी डोळे मिटले. "जात?"

"अर्का रक्षक."

"रक्षक?" मावशी म्हणाल्या. "आन् मग हरवलं कसं?"

इथे मला जातीचा पूर्वेतिहास सांगावा लागला. बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला केंद्र सरकारची बागायती पिकांची संशोधन संस्था आहे, तिथला हा संकरित वाण. पानं आकसणारा बोकड्या, झाड उभ्याउभ्या मान टाकतं ती जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा, या तिघांनाही दाद देत नाही. कर्नाटकातल्या एका शेतकऱ्यानं म्हणे त्याच्या एकेका झाडाला १९ किलो फळ काढलं. हा आकडा मी गाडीवर सांगायला नको होता. काकांनी लगेच हिशोब केला. "तुमचे पंच्याऐंशी ग्रॅम. म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही."

बाल्कनीला ऊन जेमतेम तीन तास आणि टोमॅटोला लागतं सहा ते आठ तास, हे मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. फुलं धरत नव्हती म्हणून मी मुलाचा बॅटरीवरचा दात घासायचा ब्रश फुलांच्या देठांना लावायचे. टोमॅटोचं फूल थरथरलं की आतला पराग सुटतो, हरितगृहांत त्यासाठी खास भुंगे सोडतात. एवढं करून पाच फळं धरली. सासऱ्यांच्या भाच्याच्या लग्नाला आठ दिवस अकोल्याला गेलो, पाण्याचा खाडा पडला आणि तिघांची बुडं काळी पडली. सगळे म्हणाले कॅल्शियम कमी पडलं, कुंडीत पानाचा चुना घाल. मातीत चुना ढीग असेल हो, पण वर चढायला पाणी लागतं. चौथा बुलबुलानं फोडला, तोही नेमका मी मोबाइल आणायला आत गेले तेव्हा.

"म्हणजे हा एकुलता एक," काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी माया आली. ती फार टिकली नाही.

पहिली चाचणी वासाची. घरच्या टोमॅटोला देठापाशी झाडाचा हिरवा, उग्र वास येतो, असं मीच बोलून गेले होते. काकांनी एकेक टोमॅटो उचलून देठाची खळगी नाकाला लावली. सातव्या टोमॅटोनंतर निष्कर्ष जाहीर झाला: सगळ्यांना कोथिंबिरीचा वास येतो. मावशी जुड्यांवर शिंपडलेलं पाणी तसंच टोमॅटोंवर झटकतात, त्यामुळे सगळा माल एकाच घराण्याचा झाला होता.

दुसरी चाचणी देठाची. "तुम्ही कात्रीनं कापला असेल. बाजारचा माल पिळून तोडतात, देठ राहत नाही. देठवाला शोधा." फार हुशारीचं होतं हे. फक्त सकाळी फोटोत नीट दिसावं म्हणून देठ मी स्वतःच काढून टाकला होता.

"फोटो?" काकांचे डोळे चमकले. "फोटो आहेत?"

माझ्या मोबाइलमध्ये त्या टोमॅटोचे एकशे बारा फोटो आहेत. काकांनी मोबाइल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि तो ढिगाशेजारी धरून डावीकडून उजवीकडे सरकत गेले. गाडीच्या टोकाला पोचल्यावर म्हणाले, "हा पण तोच, हा पण तोच, हा पण तोच." मावशी वाकून फोटो बघत म्हणाल्या, "आवं ही तर समदी माझीच हायेत."

मागे उभ्या असलेल्या मुलीनं पालकाची जुडी खाली ठेवली आणि मोबाइलवरून मागवते म्हणून निघून गेली. "गेलं गिऱ्हाईक," मावशी मला म्हणाल्या. काकांना नाही, मला.

तिसरी चाचणी वजनाची. तोवर माझी इच्छा मेली होती, पण काकांची जागी झाली होती. त्यांनी एकेक टोमॅटो काट्यावर ठेवायला सुरुवात केली. ७१. ९४. ८८. ८५! टाळी वाजली, कुणी वाजवली ते मला दिसलं नाही. तो बाजूला काढला. ६९. ८३. ८५! आता टाळी वाजली नाही. एकूण चार टोमॅटो ८५ ग्रॅमचे निघाले. काकांनी ते वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ओळीनं मांडले आणि मागे सरून मला म्हणाले, "आता तुम्ही. आईची नजर."

मी चौघांकडे पाहिलं. चौघंही गुळगुळीत, जाड सालीचे, खाली जरासे चौकोनी. मला काही, काही म्हणजे काही वाटलं नाही.

तेव्हा काका जे बोलले ते मला अजून सलतंय. "मग घरी लावून फरक काय पडला?" असं अगदी सहज, पिशवी दांड्यावरून काढता काढता.

उत्तर मला येत होतं, पण ते माझ्याच विरुद्ध जाणारं होतं. अर्का रक्षक हा शेतकऱ्यासाठी उत्तम वाण आहे. साल जाड, तोडल्यावर पंधरा-वीस दिवस टिकतो, जाळीत भरून ट्रकनं लांब पाठवला तरी चेंगरत नाही. माझ्या टोमॅटोला बाल्कनीतून ओट्यापर्यंत अकरा पावलं जायचं होतं. त्याला ट्रकचा प्रवास झेपतो याचं मला काय कौतुक?

सासूबाई हेच पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. त्या अकोल्याच्या, टोमॅटोला भेदरं म्हणतात. मावशी जुन्नरकडच्या, त्यांचं तंबाटं. माझी आजी बेलवांगी म्हणायची आणि ओवळी समजून सणावाराला घरात येऊ द्यायची नाही. सासूबाईंच्या डोळ्यांसमोरचं भेदरं चपटं, भोपळ्यासारख्या फाका पडलेलं, देठाजवळ हिरवं, आणि इतक्या पातळ सालीचं की बाजारातून आणताना पिशवीत त्याचा सार व्हावा. हिरव्या मिरचीबरोबर भाजून, वर लसूण-मीठ घालून पाट्यावर रगडलं की भाकरी दोन जास्त जातात. तसलं एक झाड तीन वर्षांपूर्वी आमच्या कंपोस्टच्या बादलीत आपोआप उगवलं होतं. मी ते वाढवलं, पण पसरट, बेशिस्त म्हणून कुणाला दाखवलं नाही. पावसानंतर फळं तडकायची. आज वाटतं, तडकलेलं का होईना, शंभरांत ओळखलं असतं.

देठाजवळच्या त्या हिरव्या रंगाचंही असंच. फळ सगळीकडून सारखं लाल झालेलं बरं दिसतं म्हणून पैदासकारांनी दशकानुदशकं तसलेच वाण निवडले. ज्या जनुकीय बदलानं तो हिरवा खांदा जातो, त्यानंच फळाची स्वतः साखर तयार करायची ताकदही घटते, हे संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. सासूबाईंना मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्या लसूण सोलत होत्या. "येवढं शिकूनशानी आत्ता समजलं का त्याईले?"

बरं, मी काही सरळ अर्का रक्षकवर आले नव्हते. पहिल्या वर्षी दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेची पुसा रुबी लावली. छान आंबट, थोडी चपटी, चवीला आजही माझी पहिली पसंती. पण पांढरी माशी आली, तिनं बोकड्या आणला, आणि पानं इस्त्री बिघडलेल्या कॉलरसारखी वळली. दुसऱ्या वर्षी चेरी टोमॅटो. घोसच्या घोस लागले, पोरांनी जाता-येता तोडून खाल्ले, एकही स्वयंपाकघरात पोचला नाही; सासूबाई त्यांना बोरं म्हणायच्या. खरं सांगायचं तर कमी उन्हाच्या बाल्कनीला हेच झाड शोभतं. मग एकदा परदेशी काळ्या टोमॅटोच्या नावाखाली ऑनलाइन बी मागवलं. दहा बियांचे एकशे साठ रुपये. त्यातून कामोणी उगवली, रस्त्याकडेला असते ती. काळं आणि गोल फळ येईल एवढा शब्द मात्र त्यांनी पाळला. पैसे परत मागितले तर उत्तर आलं, ग्राहकाला वाढवता आलं नाही.

गाडीपाशी मी यातलं काहीच बोलले नाही. मावशींना विचारलं, "तुमच्या शेतात कोणती लावता?" त्या म्हणाल्या, "रोपवाटिकेत जी मिळतील ती. औंदा जाळीला ऐंशी रुपये आलं. तोडनावळ तरी सुटती का त्यात?" जाळी म्हणजे वीस किलो. माझ्या कुंड्या, कोकोपीट, निंबोळी अर्क आणि बांबू यांची बेरीज अकराशे चाळीस रुपये झाली होती, आणि तीही मी हौसेनं सगळ्यांना सांगत असे. त्या दिवशी सांगितली नाही. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला शंभरावर गेले तेव्हा याच गाडीवर मी त्यांना "मावशी, लुटता काय?" म्हटलं होतं. त्यांच्या ते लक्षात नसावं. की असावं.

मी ओळीतला दुसरा उचलला. मावशी म्हणाल्या, "अजून एक ऱ्हाऊ द्या वरती." म्हणजे माझाच टोमॅटो मला कोथिंबिरीसारखा वरकड मिळाला. उरलेले दोन, आणि ज्यांची वजनं केली होती त्यांतले निवडून बाकीचे, असे किलोभर काकांनी घेतले. पैसे देताना त्यांनी दोन रुपये कमी करायला सांगितले, हाताळलेला माल आहे म्हणून.

घरी सासूबाईंनी दोन्ही टोमॅटो हातात घेऊन पाहिले. "यातलं आपलं कोनतं?" मी म्हटलं, दोन्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात काका, हातात स्टीलचा डबा. डब्यात अर्धा टोमॅटो, कापलेली बाजू वर. "काल सगळे कापले," ते म्हणाले. "बाकीच्यांत कप्पे तीन-तीन, याच्यात चार. बिया पण कमी. तुमचा असण्याची शक्यता जास्त." बाकीच्यांचं काय केलं विचारलं, तर म्हणाले, "सार. काल रात्री सार, आज सकाळी सार. घरात जरा वातावरण आहे." डबा रिकामा करून मागितला.

हा संकरित वाण आहे, याचं बी धरलं तर पुढच्या पिढीत काय निघेल याचा नेम नाही, हे मी सासूबाईंना समजावत होते. त्या ऐकत होत्याही. ऐकता ऐकताच त्यांनी चमच्यानं गर काढला, गाळणीत नळाखाली धुतला, ओल्या बिया वर्तमानपत्रावर बोटानं पसरल्या आणि कागद खिडकीत उन्हाला ठेवला. मग पेन्सिल शोधून माझ्या हातात दिली. "नाव लिहून ठेव वं, नाहीतर अजून इसरशील."

मी कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं: बहुतेक अर्का रक्षक.