अबू सिंबेलला मुक्काम कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक प्रवासी’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

नमस्कार. इजिप्तच्या दक्षिणेला, डोंगरात कोरलेल्या अबू सिंबेलच्या देवळांच्या मुक्कामी सहलीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. उत्तर द्यायचं नाही असंच आधी ठरवलं होतं. पण काही वाचकांनी तुमच्या म्हणण्याला दुजोरा दिला, आणि एका मैत्रिणीने मला कळवलं, ‘मग आम्ही मुक्कामाचं बुकिंग रद्द करू का?’ म्हणून लिहायला बसले.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अस्वानहून पहाटे निघून दुपारी परत आणणारी डे ट्रिप पुरेशी आहे, दोन देवळांना दोन तास भरपूर झाले, गाइड हा टिपेसाठीच असतो, शाकाहारी माणसाचे तिथे हाल होतात, रात्रीचा लाइट अँड साउंड शो टाकाऊ आहे आणि त्यापेक्षा अस्वानजवळचं फिलायचं देऊळ कितीतरी सुंदर आहे, असं तुमचं म्हणणं. इथवर ठीक होतं. पुढे तुम्ही लिहिता: ‘हलवलेल्या, नकली डोंगरात बसवलेल्या देवळासाठी लोकांना रात्रभर राहायला सांगणं ही शुद्ध दिशाभूल आहे. ताई, लिहिण्याआधी जरा अभ्यास वाढवा.’

आधी त्या ‘ताई’बद्दल. ताई म्हणायचं आणि त्याच वाक्यात समोरच्याची अक्कल काढायची, ही पद्धत मला अजिबात आवडलेली नाही. स्वतःच्या थोरल्या बहिणीशी तुम्ही असं बोलता का? मतभेद असायला हरकत नाही. मला जे भावलं ते तुम्हाला भावणार नाही, हेही मी समजू शकते. पण दिशाभूल केली असं म्हणणं म्हणजे सरळसरळ आरोप आहे. मी कुठल्याही सहल कंपनीसाठी लिहीत नाही, कुणाकडून फुकटची खोली घेत नाही, आणि हे प्रत्येक प्रवासलेखाच्या तळाशी लिहिलेलं असतं. एवढा मोठा आरोप करणाऱ्याने निदान स्वतःचं नाव तरी द्यावं, एवढी माझी अपेक्षा होती.

एक गोष्ट मान्य करते. लाइट अँड साउंड शोबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. त्यासाठी म्हणून तिथे राहा असं मी कुणालाच सांगणार नाही. माझ्या लेखात त्याला एकच ओळ आहे, ती नसती तरी काही बिघडलं नसतं.

आता तुमचा तो ‘नकली डोंगर’.

देऊळ हलवलेलं आहे हे मी लपवून ठेवलं, असं तुमच्या वाक्यावरून वाटतं. लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात ते लिहिलेलं आहे. तुम्ही तो वाचला नाहीत किंवा वाचूनही सोडून दिलात. तर आता सविस्तर सांगते.

नाईल नदीवर अस्वानचं मोठं धरण व्हायचं ठरलं आणि १९६० च्या मार्चमध्ये युनेस्कोने त्याच्या पाण्याखाली जाणारी न्यूबियातली, म्हणजे अस्वानच्या दक्षिणेच्या नदीकाठच्या प्रदेशातली, देवळं वाचवण्यासाठी जगाला हाक दिली. अबू सिंबेलचं काय करायचं यावर नाना योजना आल्या. फ्रेंच म्हणाले, देवळाभोवती बांध घालून पाणी बाहेरच थोपवू. इटालियनांची योजना अख्खं देऊळ एकसंध कापून जॅकवर हळूहळू वर उचलायची होती. ब्रिटनमधून तर अशी कल्पना आली की देऊळ पाण्यातच राहू द्यावं आणि लोकांनी पाण्याखालच्या दालनांतून ते पाहावं. शेवटी तुकडे करून हलवायचं ठरलं. १९६४ ते १९६८ हे काम चाललं. जलाशय भरत चालला होता, म्हणून आधी तात्पुरता बांध घातला. दर्शनी पुतळ्यांना इजा होऊ नये म्हणून ते वाळूने झाकले. वरचा डोंगर उपसला आणि मग वालुकाश्माचे हजाराहून अधिक तुकडे कापले, त्यातले मोठे ३० टनांपर्यंतचे. दर्शनी भागावरचे काप हाताच्या करवतीने घेतले. त्यासाठी इटलीतल्या करारा इथले संगमरवराचे कारागीर आणले होते. चिरेची रुंदी मिलिमीटरांत मोजली जात होती. हे सगळं ६५ मीटर उंच आणि सुमारे २०० मीटर मागे नेऊन, तोंड त्याच दिशेला ठेवून पुन्हा जोडलं.

दिशा राखली म्हणूनच आजही २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला उगवत्या सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यापर्यंत जातात. तिथे बसलेल्या चार पुतळ्यांपैकी आमुन देव, हे देऊळ कोरवून घेणारा राजा दुसरा रामसेस आणि सूर्यदेव रा-होराख्ती उजळतात. पाताळाशी नातं असलेला प्ताह देव अंधारातच राहतो.

अजून एक. दारासमोर उभं राहिलं की डावीकडून दुसऱ्या पुतळ्याचं धड आणि डोकं खाली पायाशी पडलेलं दिसतं. ते प्राचीन काळीच भूकंपात कोसळलं होतं. एवढी यंत्रं, एवढे इंजिनिअर हाताशी असताना ते उचलून जोडून टाकणं अवघड नव्हतं. त्यांनी तसं केलं नाही. तुकडे जसे पडले होते तसेच, पुतळ्याच्या पायाशी त्याच जागी पुन्हा ठेवले. ज्यांनी पडझडसुद्धा इतक्या निष्ठेने जपली, त्यांच्या कामाला तुम्ही एका शब्दात नकली म्हणून मोकळे झालात. याचं मला खरंच वाईट वाटलं.

डोंगर माणसांनी रचला आहे, आत काँक्रीटचा घुमट आहे, त्याचा व्यास सुमारे ६० मीटर आहे. हे सगळं बरोबर. वरच्या दगडमातीचा भार देवळाच्या छतावर येऊ नये म्हणून तो बांधावा लागला. पण सुमारे २० मीटर उंचीचे ते पुतळे तेच आहेत. आतल्या भिंतीवर कोरलेली, रामसेस हित्ती लोकांशी लढला ती कादेशची लढाई तीच आहे. इसवी सनपूर्व सहाव्या शतकात एका मोहिमेवर निघालेल्या ग्रीक भाडोत्री सैनिकांनी पुतळ्याच्या पायावर कोरलेली अक्षरंही तीच आहेत. शेजारच्या छोट्या देवळात रामसेसची राणी नेफर्तारी हिचा पुतळा राजाच्या बरोबरीच्या उंचीचा आहे. एरवी राणी राजाच्या गुडघ्याशी उभी दाखवतात. तीही तीच आहे.

आणि तुमचाच नियम लावायचा तर फिलायचं काय? तुम्ही ज्याची एवढी स्तुती केली आहे ते इसिस देवीचं देऊळसुद्धा मूळ बेटावर नाही. १९७० च्या दशकात ते सोडवून शेजारच्या अगिल्किया बेटावर उभं केलं. न्यूबियातलंच कलाब्शाचं देऊळ हलवलेलं आहे. अमादाचं तर रुळांवरून अडीच किलोमीटरहून जास्त सरकवत नेलं. अबू सिंबेल नकली आणि फिलाय सुंदर, हे एकाच प्रतिक्रियेत कसं बसतं, ते तुम्हीच सांगा. अभ्यास वाढवण्याचा सल्ला देणाऱ्याकडून मला एवढी तरी अपेक्षा होती.

न्यूबियाच्या या मोहिमेत भारतही होता. बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचं पथक १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे गेलं आणि अफयेह इथे उत्खनन केलं. सगळ्या जगाने मिळून वारसा जपायचा, ही कल्पना या मोहिमेने रुजवली आणि १९७२ चा जागतिक वारसा करार त्यातून पुढे आला. आपली अजिंठा आणि वेरूळची लेणी १९८३ मध्ये ज्या यादीत गेली, ती याच कराराची यादी.

तुम्ही माझा अभ्यास काढलाच आहे, तर तो कुठून सुरू झाला तेही ऐका. माझ्या आईचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. उजनीचं धरण झालं आणि ते गाव पाण्यात गेलं. वाडा गेला, मळा गेला, नदीचा घाट गेला. वर माळावर नवीन गाव वसलं, तिथे आजी शेवटपर्यंत परक्यासारखी राहिली. जवळच्या पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ तुम्ही वर्तमानपत्रातल्या फोटोंत पाहिलं असेल. एखाद्या उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की ते वर येतं आणि लोक होडीने बघायला जातात. लहानपणी मामांनी आम्हाला ते काठावरून दाखवलं होतं. ते देऊळ अगदी मूळ जागी आहे, कुणी हलवलेलं नाही. आणि एरवी ते पाण्यात असतं. आमच्या आजीला कुणी विचारलं असतं की आजी, देवळाचे दगड सुटे करून वर नेऊ का, तर ती स्वतः पाटी घेऊन दगड वाहायला गेली असती. तिथे नकली डोंगर रचावा लागला असता तर तिने त्यालाही हात जोडले असते. धरणात गाव गेलेल्या घरात वाढलेल्या बाईला तुम्ही मूळ जागेचं महत्त्व शिकवू नका, ही विनंती आहे.

आणि मुक्कामाचा मुद्दा इथेच येतो, म्हणून एवढं लांबण लावलं. मी आधी तुमच्यासारखीच डे ट्रिप केली होती. पहाटे चारच्या सुमाराला गाडी, वाळवंटातून सुमारे २८० किलोमीटर, पोचल्यावर गाइडने देवळाबाहेर नकाशाच्या फलकापाशी भराभर सांगितलेली माहिती. देवळाच्या आत गाइडना बोलायला मनाई आहे, हे तुम्हालाही माहीत असेल. मग आत शिरायचं तर एकाच वेळी पोचलेल्या सगळ्या बसमधली माणसं आत. ओसायरिस या मृतांच्या देवाच्या रूपातल्या आठ खांबांमधून फक्त पुढच्याची पाठ दिसते. परतीच्या वाटेवर गाडीतले सगळे झोपलेले.

मुक्कामाला गेलो तेव्हा गाइड आमच्याबरोबरच राहिला होता. संध्याकाळी गच्चीवर बसून त्याने देवळाची एकेक भिंत समजावून सांगितली, प्रश्न विचारू दिले, मग स्वतःच्या घरचं सांगायला लागला. तो न्यूबियन. १९६३-६४ मध्ये इजिप्तमधल्या सुमारे ५०,००० न्यूबियन लोकांना उठवून कोम ओंबोच्या बाजूला नेलं, त्यात त्याचे आजोबा होते. नदीकाठची खजुराची झाडं गेली. अंगणाची, रंगवलेल्या भिंतींची घरं गेली. नव्या वसाहतीत नाईल दूर आणि घरं एकाला एक चिकटलेली. आजोबा म्हणायचे, राजाची देवळं वर उचलली, आमची कबरस्तानं खालीच राहिली. हे ऐकून मला रात्री झोप लागली नाही. आमच्याही घरी हेच बोलणं मी ऐकत आले होते. दोन तासांच्या धावपळीत कुठला गाइड हे सांगणार आणि कुठला प्रवासी ऐकणार? ‘टिपेसाठी’ म्हणून तुम्ही ज्याला निकालात काढलंत, त्या माणसाच्या आजोबांचं गाव त्या जलाशयाखाली आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही देवळासमोर होतो. देवळाचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे पहिलं ऊन थेट पुतळ्यांच्या चेहऱ्यांवर येतं आणि माथ्यावरच्या माकडांच्या रांगेवरही. ती माकडं उगवत्या सूर्याला हात वर करून नमस्कार करणारी आहेत. दुपारी हाच दर्शनी भाग सावलीत जातो. अस्वानच्या गाड्या तेव्हा अजून वाटेत होत्या. गाभाऱ्यात आम्ही मोजकी माणसं होतो. आदल्या रात्री ऐकलेलं सगळं भिंतींवर ओळखू येत होतं. यासाठी मी लोकांना रात्रभर राहा म्हणते. यात कुणाची कसली दिशाभूल झाली?

बाकी मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. शाकाहारी माणसाला फूल म्हणजे बाकल्याची उसळ, तामिया म्हणजे बाकल्याचे वडे, भाकरीसारखा त्यांचा पाव आणि सॅलड सहज मिळतं, एका रात्रीत कुणी उपाशी राहत नाही. पैशांचं म्हणाल तर ज्याचा त्याने आपला खिसा पाहावा. लेखात मी ‘जमत असेल तर’ असं स्पष्ट लिहिलं आहे. दोन तास पुरतात की नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तुम्हाला पुरले, आनंद आहे. पण तुमच्या दोन तासांवरून माझं लिहिणं खोटं ठरवू नका.

‘जमत असेल तर अबू सिंबेलला एक रात्र राहाच’ हे वाक्य काढून टाका, अशी तुमची मागणी होती. मी ते काढणार नाही.

आणि ज्या मैत्रिणीने विचारलं आहे तिला: बुकिंग रद्द करू नकोस. तुमची तारीख २२ ऑक्टोबरला लागून आहे, तर त्या पहाटे सूर्यकिरण बघायला मोठी गर्दी लोटते आणि गाभाऱ्यात क्षणभरच उभं राहायला मिळतं. तो सोहळाच बघायचा असेल तर जरूर जा. देवळं निवांत बघायची असतील तर आठवडाभर पुढे ढकल. आणि गाइड न्यूबियन मिळेल का, एवढं अस्वानमध्ये आधीच विचारून ठेव.