पाच सुरांचीच धून घ्या, पण नीट वाजवा
बँडच्या स्पर्धेत गुण हवे असतील तर अवघडातली अवघड धून घ्या, असं एका लेखात वाचलं, ते मला पटलं नाही. मी परभणीत बँडमध्ये युफोनियम, म्हणजे खालच्या सुरांचं मोठं पितळी वाद्य, वाजवतो. एकदा आम्ही अशीच जलद धून घेतली. शेवटच्या अंतऱ्यात ट्रंपेटवाल्या पोराचे ओठ थकले, वरचा सूर फाटला अन् सगळा मेळ गेला. पुढच्या वेळी भूप रागातली संथ रचना बसवली. सूर पाचच, पण लांब. कुणाचा दम किती, कोण शेजाऱ्याचं ऐकतो, सगळं त्यात उघडं पडतं. महिनाभर आम्ही तेवढंच घोटलं. कार्यक्रमाला मात्र चढ्या सुरांची दोन गाणी लागोपाठ ठेवू नका, मधे क्लॅरिनेटला पुढं करा, म्हणजे ट्रंपेटवाल्यांच्या ओठांना विसावा मिळतो. आणि आपल्याकडच्या उन्हात पितळ तापलं की सूर चढतो, वाजवायच्या आधी परत जुळवून घ्या.