फ्लॅश नाही, दोन लाखांची लेन्स नाही, तरी हॉलमधले फोटो निघतात

बॅडमिंटन-कबड्डीच्या स्पर्धांचे दिवस आले की पालकांच्या आणि क्लबांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच : 'हॉलमध्ये खेळाचे फोटो फ्लॅशशिवाय येत नाहीत. फ्लॅशला मनाई असेल तर दोन लाखांची लेन्स हवी. तीही नसेल तर आयएसओ ८०० च्या वर नेऊ नका, फोटो फुटतो. शटर १/६० ठेवा, लेन्समध्ये स्टॅबिलायझर असतोच. बर्स्ट लावून बटण दाबून धरा. फोटो अंधारा आला तर नंतर मोबाइलवर उजळून घ्या.'

(आयएसओ म्हणजे सेन्सरवर, कॅमेऱ्याच्या आतल्या उजेड टिपणाऱ्या चकतीवर, पडलेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो त्याचा आकडा. शटर १/६० म्हणजे ते सेकंदाचा साठावा भाग उघडं राहतं. बर्स्ट म्हणजे सलग फोटो.) सल्ला पाठ करायला सोपा आहे. तो पाळून स्पर्धेला गेलेला माणूस घरी येतो तो हललेले, काळपट फोटो घेऊन, आणि मग दोष कॅमेऱ्याला देतो. हॉलमध्ये फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा खेळाडू हलल्यामुळे. मजकूर मात्र सगळी भीती घालतो ती फोटोवर उठणाऱ्या दाण्यांची, म्हणजे नॉइजची.

आधी फ्लॅश. आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन, टेबल टेनिस, जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धांत छायाचित्रकारांना फ्लॅश मारू देत नाहीत. जिल्ह्याच्या स्पर्धेत पंच कदाचित काही बोलणार नाहीत, पण सर्व्हिस परतवायला उभ्या असलेल्या मुलीच्या डोळ्यांत फ्लॅश गेला तर तिचा गुण जातो. हा शिष्टाचार बाजूला ठेवला तरी फ्लॅशने काम होतच नाही. कॅमेऱ्याच्या डोक्यावर उघडणाऱ्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, मीटरमध्ये साधारण १२ च्या आसपास असतो. त्याला एफच्या आकड्याने (हा लेन्सच्या छिद्राचा; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) भागलं की पल्ला निघतो : आयएसओ १०० वर एफ/५.६ ला जेमतेम दोन मीटर. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० मीटर लांब असतं. गॅलरीच्या वरच्या रांगेतून फ्लॅश मारणारे लोक खरं तर पुढच्या रांगेतल्या काकांच्या टकलाचा फोटो काढत असतात. आयएसओ वाढवून पल्ला ताणता येतो, पण अशा फ्लॅशबरोबर शटर साधारण १/२०० च्या पुढे जात नाही. मग हॉलचा उजेडही फोटोत उतरतो आणि फ्लॅशने गोठवलेल्या हातामागे त्याच हाताची पुसट सावली लागते. शिवाय एकदा चमकल्यावर तो पुन्हा भरेपर्यंत रॅली संपलेली असते.

आता आयएसओ. इथे थोडा हिशेब करावाच लागतो, कारण मजकुराचा सगळा डोलारा '८०० च्या वर नको' या एका वाक्यावर उभा आहे.

सरावाच्या साध्या हॉलमध्ये कोर्टवर ३०० लक्सच्या आसपास उजेड आहे असं धरू. डोळ्याला तो भरपूर वाटतो, कॅमेऱ्याला नाही. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी, झूम करून टोकाला नेली की एफ/५.६ वर थांबते. खेळाडू गोठवायला शटर १/५०० हवं. या तिन्हींचा मेळ घातला तर आयएसओ येतो १२,८०० च्या घरात. मजकुराचं ऐकून ८०० वरच थांबलात तर फोटो चार स्टॉप अंधारा (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे हव्या त्याच्या सोळावा हिस्सा. आणि मजकुराचे दोन्ही नियम एकदम पाळले, १/६० आणि ८००, तरी याच हॉलमध्ये फोटो जवळपास एक स्टॉप अंधाराच येतो. म्हणजे हललेलाही आणि काळाही.

'नंतर उजळून घ्या' हे याच गैरसमजाचं दुसरं टोक. दाणे आयएसओच्या आकड्यामुळे येत नाहीत, सेन्सरवर उजेड कमी पडल्यामुळे येतात. शटर आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) तेच ठेवून आयएसओ ८०० वर काढा की १२,८०० वर, आत आलेला उजेड तेवढाच. ८०० वर काढलेला काळा फोटो चार स्टॉप वर खेचला की लपलेले दाणे सगळे वर येतात. जेपेग (नेहमीची, दाबून लहान केलेली फाइल) असेल तर सावल्यांमध्ये पट्टे आणि मळकट रंगही येतात, कारण त्या फाइलमध्ये अंधाऱ्या भागाचा तपशील मुळातच थोडा साठवलेला असतो. काही सेन्सरवर रॉ फाइल (सेन्सरवरून जशीच्या तशी साठवलेली) अशी खेचली तर फरक फारसा पडत नाही, पण म्हणून फायदाही होत नाही. उलट मागच्या पडद्यावर सगळं काळं दिसतं आणि फोकस बसला की नाही हे जागेवर कळत नाही.

दाणेदार फोटो मोबाइलच्या पडद्यावर किंवा पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटवर बराच निवळतो, नॉइज कमी करणारी सॉफ्टवेअर तर आता सहज मिळतात. हललेला चेहरा मात्र हललेलाच राहतो. त्यामुळे आयएसओ ३२०० किंवा ६४०० ला हात लावताना कचरू नका. माझ्या मते नवशिक्याने घरात संध्याकाळी आपल्याच कॅमेऱ्यावर १६००, ३२००, ६४००, १२,८०० असे फोटो काढून, प्रिंट करून एकदा बघावेत. भीती तिथेच जाते.

'शटर १/६०, स्टॅबिलायझर आहेच.' स्टॅबिलायझर तुमच्या हाताचा कंप सावरतो, खेळाडूला थांबवत नाही. सेकंदाला चार मीटर वेगाने येणारा चढाईपटू १/६० मध्ये जवळपास सात सेंटिमीटर सरकतो, १/५०० मध्ये आठ मिलिमीटर. रॅकेटचा हात तर याच्या कितीतरी पट वेगात असतो.

याच्या उलट 'खेळ म्हटला की १/१००० च' असंही काही जण ठोकून देतात. तेही खरं नाही. उडी मारलेला खेळाडू सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबलेलाच असतो. त्या क्षणाच्या आधी-नंतर दशांश सेकंदात त्याचा वर-खाली वेग सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी असतो. तो क्षण साधला तर धड आणि चेहरा १/२५० लाही स्वच्छ येतो. मल्लखांबावर फरारा किंवा ताजवा धरून मुलगा स्थिर असतो, तिथे १/२५० पुष्कळ. खाली उडी घेताना मात्र १/८०० कडे जा. आणि शटलचा नाद सोडा. बॅडमिंटनपटू सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा ताशी ५६५ किलोमीटरचा वेग २०२३ मध्ये विश्वविक्रम म्हणून नोंदला गेला. त्या वेगात शटल १/१००० मध्येही पंधरा सेंटिमीटर पुढे जातं. नेहमीच्या स्मॅशलाही ते थोडं पुसट येणारच. फोटोत चेहरा आणि डोळे स्पष्ट हवेत.

'दोन लाखांची लेन्स' म्हणजे ७०-२०० मिलिमीटर एफ/२.८, लांबचं जवळ आणणारी झूम. ती उत्तम लेन्स आहे यात वाद नाही. पण उजेडाचाच प्रश्न असेल तर ५० मिलिमीटर एफ/१.८ ही दहा-बारा हजारांच्या आसपास मिळणारी लेन्स तिच्यापेक्षा सुमारे अडीचपट उजेड आत घेते, आणि किट लेन्सच्या एफ/५.६ पेक्षा जवळपास दहापट. वरच्याच हॉलमध्ये, त्याच १/५०० ला, आयएसओ १२,८०० वरून १२५० ते १६०० वर येतो. महाग लेन्सचे पैसे मोजायचे ते लांबून काढता यावं म्हणून. (निकॉनच्या डी३५००, डी५६०० सारख्या बॉडीवर जुनी 'डी' प्रकारची ५० मिलिमीटर घेऊ नका. या बॉडीत फोकसची मोटर नसते, ऑटोफोकस चालणार नाही. 'जी' प्रकारची घ्या. जुन्या बाजारात स्वस्त मिळते म्हणून 'डी'च गळ्यात मारली जाते.)

'एफ/१.८ ला नाकावर फोकस, कान गायब' हा आक्षेप लगेच येतो. तो पोर्ट्रेटच्या अंतरावर खरा आहे. क्रॉप सेन्सरवर (स्वस्त डीएसएलआरमध्ये असतो तो लहान सेन्सर) ५० मिलिमीटरने सहा मीटरवरच्या खेळाडूचा फोटो काढला तर जवळपास एक मीटर खोलीचा पट्टा फोकसमध्ये असतो, आठ मीटरवर पावणेदोन मीटर. अख्खा खेळाडू त्यात मावतो, मागची खुर्च्यांची रांग आणि प्रायोजकांचे फ्लेक्स पुसट होतात. फुकटचा फायदाच.

उरला प्रश्न लांबीचा, आणि त्याचं उत्तर पायांत आहे. सहा मीटरवरून ही लेन्स आडव्या चौकटीत पावणेतीन मीटर रुंदी घेते. कबड्डीत पुरुषांचं मॅट १३ बाय १० मीटरचं असतं, महिलांचं १२ बाय ८. संयोजकांना विचारून बचाव करणाऱ्या संघाच्या मागे, अंतिम रेषेपासून दोनेक मीटरवर बसलात, तर बोनस रेषेपर्यंत आलेला चढाईपटू तुमच्यापासून चार मीटरच्या आत आणि निदान रेषेवरचा पाच मीटरच्या आत असतो. बचावपटूंच्या खांद्यांमधून त्याचा चेहरा थेट तुमच्याकडे. पकड झाली आणि तो मध्यरेषेकडे झेपावला की मात्र इथून त्याची पाठ दिसते. तो फोटो हवा असेल तर बाजूला, मध्यरेषेच्या समोर बसायला हवं; तिथून ताणलेली बोटं आणि चेहरा एकाच चौकटीत येतात. दोन्ही जागा एकदम मिळत नाहीत. पूर्वार्धात एक, उत्तरार्धात दुसरी.

बॅडमिंटनला नेटच्या खांबाजवळून, थोडं मागे सरकून बसलात तर ५० मिलिमीटर पुरते. समोरच्या कोपऱ्यातून नेटपलीकडचा खेळाडू काढायचा तर ८५ मिलिमीटर एफ/१.८ बरी, आणि तिथे ऑटोफोकस हटकून जाळी पकडतो. सगळे पॉइंट चालू ठेवण्याऐवजी मधला एक किंवा त्याभोवतीचा छोटा गट निवडा आणि फोकस सतत चालणाऱ्या प्रकारावर ठेवा : कॅननमध्ये एआय सर्व्हो, निकॉन-सोनीत एएफ-सी. कॅमेरा नवा असतो तेव्हा तो सहसा या प्रकारावर नसतो. मजकुरात फोकसबद्दल चकार शब्द नाही, आणि 'हलले' म्हणून फेकून दिलेल्या फोटोंपैकी अनेक खरं तर फोकस चुकलेले असतात.

'बर्स्ट लावून बटण दाबून धरा.' सुरुवातीच्या किमतीतला डीएसएलआर, उदाहरणार्थ कॅनन १५००डी, सेकंदाला तीन फोटो काढतो. १/५०० च्या तीन फोटोंत त्या सेकंदाचे सहा सहस्रांश टिपले जातात, बाकीचा सेकंद निसटतो. रॅकेट शटलला लागते तो क्षण त्या तीनमध्ये सापडणं नशिबाची गोष्ट. त्यापेक्षा खेळ ओळखा. उंच लॉब आला, मागचा खेळाडू पाय रोवून हात वर नेतोय, म्हणजे स्मॅश येणार. तेव्हा दोन-तीन फोटोंचा छोटा झटका मारा. ज्याने स्वतः थोडंफार बॅडमिंटन किंवा कबड्डी खेळली आहे त्याला हे न शिकवता येतं. नवशिक्याने आधी आपल्याला कळतो तोच खेळ निवडावा असं मला म्हणूनच वाटतं.

मजकूर ज्याबद्दल पूर्ण गप्प आहे आणि जे नवशिक्याला सगळ्यात जास्त छळतं ते म्हणजे दिव्यांचं लुकलुकणं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकच्या ट्यूब आणि मेटल हॅलाइड दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही. १/५०० चं शटर मात्र त्या चढउताराचा पाचवा भागच पकडतो. म्हणून एकाच सेटिंगवर, एकाच जागेवरून काढलेल्या सलग फोटोंत एक उजळ, दुसरा तपकिरी, तिसऱ्याचा अर्धा भाग पिवळट असं होतं. लोक कॅमेरा दुरुस्तीला टाकतात! कॅननने २०१४ च्या सेव्हन डी मार्क टू मध्ये दिव्याच्या उजळ टोकाशी शटर जुळवणारी सोय दिली, आता ती बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. मेन्यूत 'अँटी-फ्लिकर' शोधा. नसेल तर रॉ मध्ये काढा, तोच क्षण दोन-तीनदा टिपा, आणि चार कोर्टांपैकी एकावर चांगले एलईडी दिवे असतील तर त्या कोर्टाचे सामने निवडा. मिररलेस कॅमेऱ्याचं आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर इथे बंद ठेवा, पट्टे येतात.

हॉलचा एक मोठा फायदा मजकूर लिहिणाऱ्याच्या लक्षातच आलेला नाही : इथे ढग येत नाहीत, ऊन उतरत नाही. खेळाडू वॉर्मअप करत असताना मॅन्युअलवर शटर १/५००, अ‍ॅपर्चर एफ/१.८ किंवा एफ/२ लावा, चेहरा नीट उजळ दिसेपर्यंत आयएसओ चढवा, आणि दिवसभर त्याला हात लावू नका. ऑटोवर ठेवलात तर पांढऱ्या जर्सीला कॅमेरा फोटो काळा करतो आणि काळ्या पडद्यासमोर चेहरे पांढरेफटक. व्हाइट बॅलन्सही कोर्टवर पांढरा कागद धरून एकदाच ठरवून टाका, नाहीतर हिरव्या मॅटमुळे हनुवट्या हिरवट येतात.

मोबाइलबद्दल थोडक्यात : नाइट मोड अनेक फोटो एकावर एक रचतो, त्यात पळणाऱ्या खेळाडूचं भूत होतं. प्रो मोडमध्ये शटर १/५०० ला बांधा, झूम करू नका, जवळ जा.

महाग लेन्सची गोष्ट एका बाबतीत खरी आहे. मैदानाच्या कडेला बसूच देत नसतील आणि गॅलरीतूनच काढायचं असेल, तर ५० मिलिमीटरने खेळाडू मुंगीएवढे येतात. तिथे ७०-२०० लागतेच. पण ती विकत घ्यायची गरज नाही. पुण्या-मुंबईत एक-दोन दिवसांच्या भाड्याने मिळते. आदल्या संध्याकाळीच आणा, कारण डीएसएलआरची ही लेन्स दीड किलोच्या आसपास असते आणि दुसऱ्या सामन्यापर्यंत मनगट बोलायला लागतं. मोनोपॉडही (एका पायाचा स्टँड) सोबत घ्या, आणि तो गॅलरीत चालेल का हे संयोजकांना आधीच विचारून ठेवा.