गरीब कुत्रं पाहिजे

सांगलीत कुत्रं घ्यायला निघालेल्या माणसाची मागणी एका वाक्यात मावते: "गरीब पाहिजे बघा, घरात बारकी पोरं हाईत." आपल्याकडं 'गरीब' हा शब्द माणसाच्या खिशाला लागतो आणि जनावराच्या स्वभावाला. गरीब म्हैस लाथ मारत नाही, गरीब बैल शिंग उगारत नाही, गरीब कुत्रं चावत नाही. विकणाराही लगेच ग्वाही देतो, "लई गरीब हाय वो, अंगावर बसलं तरी काय करत न्हाई." मोठी माणसं हे हमी म्हणून ऐकतात. दोन वर्षांचं पोर निमंत्रण म्हणून ऐकतं.

त्यात घरातल्या प्रत्येकाचं कुत्रं वेगळं. आजोबांना राखण करणारं पाहिजे. आजीला उंबऱ्याच्या आत न येणारं. औदुंबरला दत्ताच्या पायाशी बसलेल्या चारही कुत्र्यांना ती भक्तिभावानं हात जोडते, कारण ते चार वेद. पण वेदांनी बाहेरच राहावं. वडिलांना फोटोत उठून दिसणारं पाहिजे, आईला केस न गळणारं, आणि पोराला शेपूट धरता येईल असं. या सगळ्या अटींत बसणारं कुत्रं मिळतं. खेळण्यांच्या दुकानात, सेलसकट.

जातीचा विषय निघाला की गल्लीतला प्रत्येक जण डॉक्टर होतो आणि सगळ्यांचं औषध एकच: लॅब्रॅडोर. औषध बरोबर आहे, मात्रा कुणी सांगत नाही. लॅब्रॅडोर स्वभावानं सोशिक, माणूसवेडा. पण पूर्ण वाढला की २५ ते ३५ किलो, आणि दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत डोकं पिल्लाचं, अंग पैलवानाचं. आपलं पोर १२ किलोचं. हॉलमध्ये बॉलमागं धावणाऱ्या आठ महिन्यांच्या लॅबच्या वाटेत ते उभं असेल, तर पुढचं सांगायला नको. हेतू शून्य, धक्का पूर्ण. शिवाय त्याची शेपटी बरोबर पोराच्या तोंडाच्या उंचीवर, आणि आनंद झाला की ती छडीसारखी चालते. नदीकाठच्या पेठांतल्या लोकांनी आणखी एक हिशेब घालावा. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांची इशारा पातळी गाठतं, तेव्हा एका काखेत पोर आणि दुसऱ्या काखेत ३२ किलोचं भिजलेलं प्रेम घेऊन जिना चढता येईल का?

मग लोक दुसऱ्या टोकाला जातात: छोटंसं, पांढरं, मऊ पॉम, म्हणजे पॉमेरेनियन. (आपल्याकडं पॉम म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं, त्याला फरक पडत नाही, त्याला कुणी विचारलेलं नाही.) छोटं म्हणजे सुरक्षित, ही समजूत फार घट्ट आहे आणि उलटी आहे. छोट्या कुत्र्याला पोर उचलू शकतं. उचलू शकतं म्हणजे पाडूही शकतं, आवळू शकतं, पाय ओढू शकतं. ज्याचं हाड मोडू शकतं तो जीव आधी ओरडतो आणि मग तोंड चालवतो. पगचं नाक दबलेलं, त्यामुळं एप्रिल-मेच्या उन्हात त्याला श्वास घेणं हीच नोकरी. हस्की हा बर्फातला प्राणी. विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये तो घेणाऱ्यानं कुत्र्याआधी वीजबिलाचा विचार करावा. रॉटवायलरसारख्या ताकदीच्या राखणदार जाती अनुभवी माणसासाठी असतात, आणि तो अनुभव मिळवायची जागा म्हणजे लहान पोरांचं घर नव्हे.

जत-आटपाडीकडं माळावर दिसणारा कारवानी हा देखणा, लांब पायांचा, अब्रूदार कुत्रा. पण तो पळत्या गोष्टीवर नजर ठेवायला घडलेला आहे आणि परक्यानं अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. किंचाळत पळणारं आणि दिसेल त्याला हात लावणारं, हे तर दोन वर्षांच्या पोराचं पूर्ण वर्णन झालं. कारवानीला माळ द्या, फ्लॅट नको.

माझं मत विचाराल तर जातीवर जेवढं बोलणं होतं त्याच्या निम्मंही पिल्लाच्या आईवर होत नाही, आणि खरी परीक्षा तिथं आहे. खाण तशी माती. स्थळ बघायला जातो तसं जावं, मुलाला सोडून आधी घर बघावं. आई अनोळखी माणसाला जवळ येऊ देते का, की कोपऱ्यात अंग चोरून बसते, की दात दाखवते? पिल्लांजवळ गेल्यावर ती थोडी सावध होणारच, पण मालकानं हाक मारल्यावर निवळते का? "आई शेतावर हाय, लांब हाय" असं उत्तर आलं तर आपणही लांब असलेलं बरं.

दुसरा प्रश्न वयाचा. ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे, तरी ३०-३५ दिवसांची पिल्लं सर्रास हातात ठेवली जातात, कारण ती त्या वयात कापसासारखी दिसतात. गडबड पुढं होते. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी दंगा करताना एक मोठा धडा शिकतं: जोरात चावलं की समोरचा केकाटतो आणि खेळ बंद पडतो. तिथून दात आवरायची सवय लागते. हा वर्ग बुडवून आलेलं पिल्लू तो अभ्यास घरी करतं, आणि पाटी म्हणून तुमच्या पोराचा दंड वापरतं.

पिल्लांच्या घोळक्यात सगळ्यात आधी उडी मारून बुटाची लेस धरणारं पिल्लू "बघा, त्यानंच आपल्याला निवडलं" म्हणून घरी येतं. ते तुम्हाला निवडत नसतं, ते सगळ्यांनाच निवडत असतं. कोपऱ्यात थरथरणारं दयेपोटी येतं. भित्रं कुत्रं आणि लहान पोर ही जोडी सगळ्यात वाईट. मधलं बघा. थोडं लांब स्टीलची थाळी पाडा: दचकायला हरकत नाही, पण पाच-दहा सेकंदांत सावरून थाळीचा वास घ्यायला यायला हवं. मांडीवर हळूच उताणं धरा, थोडी वळवळ करून सैल पडलं तर उत्तम. अर्धं मिनिट ताठच राहिलं, गुरगुरलं तर राहू द्या. कान, पंजे, शेपटी हळू चाचपून बघा, कारण पुढची दहा वर्षं हाच कार्यक्रम आहे. आणि पिल्लाचा हट्टच नसेल तर दोन-तीन वर्षांचं, पोरांच्या घरात वाढलेलं, स्वभाव माहीत असलेलं गावठी कुत्रं घ्यावं. पिल्लाचा स्वभाव हा अंदाज असतो, मोठ्याचा समोर दिसतो.

पिल्लू घरी आलं की घरात दोन तान्ही होतात. कुत्र्याच्या पिल्लाला २८ दुधाचे दात, माणसाच्या पोराला २०, आणि दिसेल ते तोंडात घालायचं यावर दोघांचं एकमत. फरक इतकाच की एकाची सहा-सात महिन्यांत ४२ पक्क्या दातांची बत्तीशी पूर्ण होते, दुसऱ्याला पहिला पक्का दात यायलाच सहा वर्षं लागतात. दोघांना शू शिकवायची असते. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच बाहेर नेलं तर पिल्लू आधी पास होतं. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर १५ दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. ते चुकवायचं नाही, कारण पिल्लाचे जंत फरशीवरून पोराच्या बोटावर आणि बोटावरून तोंडात जायला वेळ लागत नाही. लसी ६-८ आठवड्यांना सुरू होऊन १६ आठवड्यांपर्यंत चालतात, रेबीजची तीन महिन्यांना. पुराचं पाणी येतं त्या भागात लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पाण्यात पसरणाऱ्या रोगाची) लस डॉक्टरांना आठवणीनं विचारावी.

आता 'लक्ष ठेवणं'. आपल्याकडं याचा अर्थ सोफ्यावर बसून मोबाइलमधून अधूनमधून मान वर करणं असा आहे. खरा अर्थ: फरशीवर, दोघांच्या मध्ये, हात पुरेल एवढ्या अंतरावर. कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून उठायचं असेल तर एकाला बरोबर न्यायचं, कुठलाही चालेल. स्वयंपाकघराला लोखंडी किंवा लाकडी छोटं फाटक बसवा आणि कुत्र्याची एक जागा अशी ठेवा की जिथं पोराला मज्जाव. तो जेवत असताना, झोपला असताना, हाडूक चघळत असताना त्याच्याकडं जायचं नाही. आपण तरी पंगतीत कुणाच्या ताटातली जिलबी उचलतो का?

कुत्रं बोलतं, आपण फोटो काढत असतो. पोरानं गळ्याला मिठी मारली, कुत्र्यानं जांभई दिली, ओठ चाटले, मान फिरवली, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, अंग ताठ झालं, आणि घर म्हणतं, "किती शांत बसलाय बघ!" तो शांत नाही, तो मोजतोय. शेपटी हलतेय म्हणून खूश होऊ नका, ताठ वर धरून हलणारी शेपटी वेगळी. आणि गुरगुरला म्हणून कधी मारू नका. गुरगुरणं हा हॉर्न आहे. हॉर्न काढून टाकला म्हणून गाडी थांबत नाही, न सांगता अंगावर येते. पोराला मात्र एक खेळ शिकवता येतो: खांद्यावर तीन सेकंद हात फिरवायचा आणि थांबायचं. कुत्रं पुढं सरकलं तर पुन्हा, तोंड फिरवलं तर राम राम. कुत्रं जास्तच अंगावर आलं तर स्टॅच्यू: हात गुंडाळून, नजर पायाच्या बोटांवर.

सांगलीकरांसाठी एक खास संकट आहे: बेदाणा. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर बाधेल याचा भरवसा नाही. इतर गावांत बेदाणा सणासुदीला निघतो. आपल्याकडं तासगावचा पाहुणा पिशवी ठेवून जातो आणि वर्षभर सोफ्याच्या फटीतून पीक निघतं. पोराला मूठभर दिले की चार तोंडात, सहा फरशीवर. भडंगातला लसूण आणि वरून घातलेला कांदाही त्याला वर्ज्य. खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजत बसू नका, तासाभरात डॉक्टर गाठा.

आणि पोराला दात लागलाच तर हळदीच्या बाजारपेठेचं गाव असल्यानं हात आधी हळदीच्या डब्याकडं जातो. तो आवरा. हळद नको, चटणी नको, चुना तर नकोच. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी दवाखाना. घरच्या कुत्र्याला लस दिलेली आहे, हे डॉक्टरांना सांगायचं असतं. त्यावरून आपणच निर्णय घ्यायचा नसतो.

राहिले आजोबा. थाळीला न घाबरलेलं, मांडीवर सैल पडलेलं, कुणीही शेपटी चाचपली तरी न चिडलेलं कुत्रं आणून त्यानं रात्री चोराला फाडावं, अशी त्यांची अजून अपेक्षा असते. ते चोराला दारापर्यंत सोडायला जाईल. राखणीसाठी आजोबांना गणपती पेठेतून चांगलं सात लिव्हरचं कुलूप आणून द्यावं. त्याला लस लागत नाही, आणि बेदाण्याचं पथ्यही नाही.